तीन मिनिटं दहा सेकंद

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा गेली.

गाडी जंक्शनला ८:१२ ला लागली. वेळेवर. मी जिन्याच्या मध्यावर असताना खाली नऊ नंबरची ट्राम निघाली. ८:१६. तीही वेळेवर. दोघी वेळेवर आणि मी वीस मिनिटं थांब्यावर उभी, पुढच्या ट्रामची वाट बघत.

भाड्याची खोली सोडून आई-बाबांकडे राहायला आल्यापासून कामाचे तेरा दिवस झाले. तेरांत नऊ वेळा ट्राम चुकली. ऑफिस ८:४५ चं, मी ८:५३ ला पोहोचते. ट्राम कंपनीच्या वेळापत्रक विभागातली बाई ट्रामच्या वेळापत्रकामुळे उशिरा येते. शेजारच्या टेबलावरचा आराखडेवाला रोज त्याच थंड आवाजात विचारतो, "आज कोण चुकलं? रेल्वे की आपण?" उत्तर देत नाही. दिलं तर उद्या नवीन प्रश्न शोधेल.

याआधी मी ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर राहायचे. दोन वर्षं इतरांचा प्रवास आखला, स्वतः केला नाही. आता कळतंय.

रात्री जेवताना सांगितलं की नऊ नंबरचे शेवटचे पाच थांबे, लाकडी पुलापलीकडचे, बंद करायचा प्रस्ताव आहे. अठ्ठावीस तारखेला बैठक. दिवसाला निदान चारशे माणसं चढायला हवीत, चढतात तीनशे अकरा. "चढणार कशी? गाडीची माणसं जिन्यावर असतानाच ट्राम सुटते. गाडीपासून ट्रामपर्यंतचं हे अंतर कुठल्या शहाण्याने मोजलं असेल!"

आई म्हणाली, असेल कोणी साहेब. बाबांनी पाणी मागितलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चुकली. चौदात दहा.

बाबा आजपासून सकाळी फिरायला जाणार आहेत म्हणे. गुडघा दुखतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. साडेदहाला बाटली घेऊन गेले, चारला आले. आई म्हणाली, "एवढं कुणी चालतं का? देशोधडीला लागल्यासारखे."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मिळाली! पण पळून. माझ्यापुढे एक नर्स पळत होती, पायात पळायचे बूट, ड्यूटीचे बूट पिशवीत. दवाखान्याचा थांबा लाकडी पुलापलीकडे तिसरा. धापा टाकतच म्हणाली, "मी रोज पळते. मागच्यांना जमत नाही. आमची आयाबाई चोपन्न वर्षांची आहे, ती कशी पळेल? ती आता चालत येते. पंचेचाळीस मिनिटं."

चालक तोच — काळा चष्मा लावणारा, ढगाळ हवेतही. दार माझ्या पाठीवर बंद केलं. मी विचारलं, "अर्धं मिनिट थांबलात तर काय बिघडतं?"

"बिघडतं ना," म्हणाला. "तुमच्याच ऑफिसात पडद्यावर लाल खूण पडते. तीस सेकंदांवर उशीर झाला की खूण. मग खुलासा लिहा. आम्ही लिहितो, जिन्यावर माणसं होती. कागद वर जातो. वर त्याचं काय करता तुम्ही, उशाला घेता?"

गळ्यात ओळखपत्र होतं माझ्या. उद्यापासून पिशवीत ठेवणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चुकली.

काळा चष्मा जे म्हणाला त्याबद्दल बाबांना विचारलं. बाबांनी एकतीस वर्षं ट्राम चालवली, शेवटची चौदा नऊ नंबरवर. मागच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. म्हणाले, पूर्वी जंक्शनच्या थांब्यावर वेळ बघायचीच नाही. आरसा बघायचा. उजव्या आरशात जिन्याचं तोंड दिसतं. गाडीची माणसं उतरून जिना मोकळा झाला की घंटी द्यायची. नव्या चालकाला पहिल्या दिवशी कोणीतरी शिकवायचंच — घड्याळ खिशात, डोळा आरशात.

"आणि उशीर?"

"पुढे भरून काढायचा. कालव्याकडेला रस्ता सरळ आहे."

दीड वर्षापूर्वी नवी यंत्रणा आली, लाल खुणा आल्या, नवं वेळापत्रक आलं. त्याबरोबर आरसा संपला. मला तेव्हा ते योग्यच वाटलं होतं. अजूनही तत्त्वतः वाटतं. प्रत्येक जण आपल्या आरशाने चालायला लागला तर वेळापत्रक कशाला हवं?

बाबांना शेवटच्या सात महिन्यांत नऊ लाल खुणा पडल्या होत्या. त्याआधीच्या तीस वर्षांत कागदावर एक डाग नाही. विभागाच्या पडद्यावर मला त्यांच्या नावापुढे दिसायच्या. तेव्हा एकदा फोनवर म्हटलं होतं त्यांना, "घड्याळाकडे जरा लक्ष देत जा." ते "बरं" म्हणाले होते.

त्यांनी ऐकलं नाही याचा राग होता मला. आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

चुकली. विभागप्रमुखांनी बोलावलं. ऑफिसात त्यांना सगळे सरासरी साहेब म्हणतात, पाठीमागे. कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न — सरासरी काय म्हणते? लग्नाची पत्रिका दिली तरी विचारतील.

बैठकीसाठी नऊ नंबरचा तक्ता मी करायचा आहे. पाच थांबे, प्रत्येक फेरी, चढणारे किती. ट्रामच्या दारांवर मोजणीयंत्र असतं, आकडे तयारच आहेत. मी म्हटलं, "सर, जंक्शनचा जिना उतरायला लागणारा वेळ चुकीचा धरलाय, असं वाटतं."

"मोजलेला आहे की. फॉर्म असेल, सही असेल. बघा कोणाची."

"बघते."

"आणि हो, एकतीस मार्चला तुमची दोन वर्षं पूर्ण होतात. कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. तक्ता नीट होऊ द्या."

बुधवार, १२ फेब्रुवारी

फॉर्म सापडला. कपाट तीन, खण दोन, 'गाडी ते ट्राम — पायी अंतर'. एकूण चौसष्ट ठिकाणं मोजली होती, आम्ही तीन शिकाऊंनी वाटून घेऊन. त्यामुळे कोणतं कोणाचं हे लक्षात नव्हतं.

ठिकाण: जंक्शन, फलाट दोन ते थांबा नऊ.
पायऱ्या: ५२.
लागलेला वेळ: तीन मिनिटं दहा सेकंद.
दिनांक: १६ एप्रिल, रविवार. सकाळी ७:०५.
गर्दी: नाही.
मोजणारा: माझी सही.

'गर्दी: नाही' हे मी लिहिलंय. माझंच अक्षर. रविवारी सकाळी सातला गर्दी नाही, हे लिहायला शिकले होते. त्याचा अर्थ काय हे विचारायला नाही. तीन-दहाला पन्नास सेकंद वर धरले आणि झाली चार मिनिटं. ८:१२ ते ८:१६.

नोकरीतलं पहिलं स्वतंत्र काम होतं ते. आठवलं आता. तिथून थेट आई-बाबांच्या क्वार्टरवर नाश्त्याला गेले होते, खूश होते. स्टेशन कसं रिकामं मिळालं, पायऱ्या किती, बाबांना सगळं सांगत बसले होते.

कुठल्या शहाण्याने मोजलं, म्हणे!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी ट्रामच्या मागे धावलेच नाही. जिन्याच्या तळाशी घड्याळ घेऊन उभी राहिले.

८:१२ च्या गाडीतून तीनशे चाळीसच्या आसपास माणसं उतरतात. जिना एकच, त्यात मधे खांब. पहिला माणूस थांब्यावर: १ मिनिट ५०. मधला माणूस: ५ मिनिटं ४०. शेवटची — काठी घेतलेली एक बाई — ७ मिनिटं ५. ट्राम सुटली तेव्हा तिच्यात एकवीस जण होते आणि जिन्यावर दीडशेच्या वर.

रोज. दीड वर्षं.

थांब्यावर पोहोचून त्या बाईने रिकामे रूळ पाहिले आणि काठी टेकत चालायला लागली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, "मिळाली का सही?"

"शोधतेय."

खोटं बोलले. एका शब्दात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तक्त्यात काहीतरी विचित्र आहे. या महिन्यात शेवटच्या पाच थांब्यांची मोजणी वाढलीये. तीनशे अकरावरून चारशे एक्याण्णव! पण सकाळी एक माणूस वाढलेला नाही. सगळी वाढ अकरा ते तीनच्या मधे.

साहेब खूश. "दुपारी लोक आहेत, सकाळी नाहीत. मग सोपं आहे. सकाळच्या फेऱ्या पुलापाशी थांबवा, दुपारच्या चालू ठेवा. सरासरी सांगतेय ना!"

म्हणजे नर्स पळूनही उपयोग नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारचे आकडे फेरीनिहाय काढले. ११:१६, १२:१६, १:१६, २:१६ — चारच फेऱ्यांत वाढ. जाताना पाच थांबे, येताना तेच पाच. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्यांत नेहमीपेक्षा पाच किंवा सहा जास्त. बहुतेक वेळा पाच. आणि तेवढेच उतरणारेही, त्याच थांब्यावर, त्याच मिनिटाला. शनिवार-रविवार नाही. चार फेब्रुवारीपासून.

माणसं इतकी नियमित नसतात. यंत्र बिघडलं असणार. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, तुम्हीच जाऊन बघा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अर्धी रजा काढून १२:१६ च्या ट्रामला लाकडी पुलावर चढले. मागच्या बाकावर बसले.

पुलापलीकडचा पहिला थांबा. पुढच्या दाराने पाच म्हातारे उतरले. ट्रामच्या कडेने चालत मागे आले. मागच्या दाराने पाचही चढले. दार बंद. पुढच्या थांब्यापर्यंत आतून चालत पुढे. पुन्हा पुढच्या दाराने खाली, पुन्हा मागून वर. कवायत असल्यासारखी.

पाचवे, सगळ्यांच्या मागे, दांडीला धरून एकेक पायरी चढत — बाबा.

मला पाहिलं. थांबले नाहीत. थांबले असते तर दाराला उशीर झाला असता.

बाकीचे चौघे त्यांच्याबरोबरचे निवृत्त चालक. लहानपणापासून बघतेय. त्यातले एक काका अखंड बोलतात, त्यांना डेपोत पोपट म्हणायचे. ते ओरडले, "अरे, साहेबीण आली! उठा, उठा, तपासणी आहे. पास दाखवा सगळ्यांनी."

"काका, हे काय चाललंय?"

"प्रवास. निवृत्तांना पास फुकट आहे, नियम वाच. दिवसातून किती वेळा उतरायचं-चढायचं हे त्यात लिहिलेलं नाही. यंत्राला तोंड ओळखू येत नाही, फक्त डोकी मोजतं. आमची डोकी नाहीत का?"

"कालपर्यंत सहावा होता," दुसरे म्हणाले. "सर्दी झाली. उद्या येतो म्हणालाय."

म्हणून कधी पाच, कधी सहा.

एकतीस-एकतीस वर्षं वेळापत्रकाने चाललेली माणसं. लबाडी करायची झाली तरी १२:१६ म्हणजे १२:१६. कधी अकरा छत्तीसला चढले असते, एखादा थांबा गाळला असता, तर मला कळलंही नसतं.

शेवटचा थांबा पाण्याच्या टाकीपाशी, तिथे ट्राम सहा मिनिटं थांबते. बाबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "तुम्ही दुपारी चढता म्हणून ते सकाळच्या फेऱ्या बंद करणार आहेत."

त्यांना हे माहीत नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं.

"मग सकाळी येतो आम्ही."

"बाबा, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? चढतो तो चढतोच ना." मग हळूच, "तू तुझा तक्ता दे. तुला काय करायचंय कोण चढलं ते? आकडे यंत्राने दिलेत. तुझी सही फक्त तक्त्याखाली."

गुडघ्यावर पट्टा बांधला होता. दिवसाला चाळीस वेळा चढ-उतार. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं ते हेच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बोलणं बंद आहे. आई मधे निरोप्यासारखी. "त्यांना सांग चहा झालाय." "तिला सांग ऐकू आलं."

रविवार, २३ फेब्रुवारी

मांडून बघते.

दुपारचे खोटे आकडे ठेवले — सकाळच्या फेऱ्या जातात. नर्स, आयाबाई, काठीवाली बाई, सगळ्या जातात.

दुपारचे खोटे आकडे काढले — पुन्हा तीनशे अकरा. पाचही थांबे जातात.

खोटे काढले आणि तीनशे अकराच का, हेही सांगितलं — कदाचित काहीच जात नाही. फक्त ते सांगायला माझा फॉर्म दाखवावा लागतो. कायम करायचा कागद सहीविना टेबलावर असताना.

तिसऱ्या ओळीला दुसरा पर्याय शोधला दोन तास. नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ट्राम चुकली. वीस मिनिटं काठीवाल्या बाईशेजारी उभी होते. आज तिला चालवत नव्हतं, म्हणून पुढच्या ट्रामसाठी थांबली. ती शिवणकाम करते, दवाखान्याच्या चादरी. विचारलं, इतक्या उशिरा पोहोचता, कोणी बोलत नाही का?

"बोलतात ना. म्हणतात, एक गाडी आधीची धर. आधीची सहा बावन्नला आहे. मी काय कोंबडा आहे?"

हसू आलं. मग नाही आलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

झाली बैठक. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आठ माणसं, लांब टेबल. साहेबांना सकाळी आठ-पन्नासलाच सांगितलं होतं की तक्ता बदललाय. ते म्हणाले, "आत्ता?" एवढंच. मग पेनाचं टोपण उघड-बंद करत राहिले, शेवटपर्यंत.

पहिला तक्ता: दुपारची वाढ खरी नाही, काढून टाकली आहे. कोणी केली? निवृत्त चालकांनी, प्रत्येक थांब्यावर उतरून-चढून. त्यांत माझे वडील आहेत.

कोणीतरी हसलं. वाहतूक प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सगळे वेळेवर?"

"एक फेरी चुकली नाही."

"आमच्या कामावरच्या माणसांना शिकवायला बोलवा त्यांना."

दुसरा तक्ता: जिना. फॉर्मवर ३:१०. तेरा ते सत्तावीस फेब्रुवारी, कामाचे अकरा दिवस, मी रोज मोजलेली सरासरी ५:४०. आरसा होता तोपर्यंत पाच थांब्यांची मोजणी पाचशे वीस. आरसा गेल्यावर दोन महिन्यांत तीनशे चाळीस. मग तीनशे अकरा. म्हणजे माणसं ट्राम नको म्हणून गेली नाहीत. त्यांना सोडून ट्राम गेली.

"हे ३:१० कोणी मोजलं?" बाईंनी विचारलं.

"मी. रविवारी सकाळी सातला. स्टेशन रिकामं होतं."

आवाज नेहमीचा होता माझा.

ठरलं असं: दहा मार्चपासून तीन महिने ८:१६ ची ट्राम ८:१८ ला सुटेल, मागच्या-पुढच्या फेऱ्याही त्याच हिशोबाने. पाच थांबे तोपर्यंत चालू. मोजणी चारशेच्या वर गेली तर कायमचे चालू.

माझी मुदत एक वर्षाने वाढवली. कायम नाही.

साहेब बाहेर पडताना म्हणाले, "सही मिळाली म्हणजे अखेर." रागाने नाही. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी — रात्री

घरी सांगितलं. वाटलं, बाबांना बरं वाटेल. लाइन वाचतेय, निदान जूनपर्यंत. आणि खोटं मी उघड केलं म्हणून चिडले तर ते समजू शकते.

ते त्यावर चिडलेच नाहीत. पोपटकाका आणि मंडळींचं नाव घेतलं का, एवढं विचारलं. नाही म्हटलं, फक्त तुमचं. "ठीक."

मग मी जिन्याचं सांगितलं. मोजमाप माझं होतं, बैठकीत कबूल केलं, मुदत वाढवली.

ताट पुढे सारून उठले. "तुला कोणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"मग म्हणायचं, बघून सांगते! महिनाभर राहिला होता फक्त. एक महिना!"

माझ्या आठवणीत ते पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलले. आई हातात पळी घेऊन दारात. "काय झालंय काय या दोघांना?"

मलाही कळलं नाही. चूक माझी, शिक्षा माझी. त्यांचं काय गेलं?

बुधवार, ५ मार्च

चुकली. शेवटचे काही दिवस. काळ्या चष्म्याने दार बंद करताना माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. दोन मिनिटं — सोमवारपासून. डेपोत सगळ्यांना कळलेलं दिसतंय.

सोमवार, १० मार्च

८:१८.

चालत उतरले. मधे खांबापाशी नेहमीसारखी अडकले, नेहमीसारखी चिडले, आणि खाली आले तर ट्राम उभी. बसायला जागा मात्र नाही. तक्रार करायची सवय असल्यामुळे तीही केली, मनात.

नर्स साध्या बुटांत होती. शेजारी जाडसर आयाबाई, दोघी कोणाची तरी मनसोक्त निंदा करत होत्या. काठीवाली बाई अजून जिन्यावर. काळा चष्मा घड्याळाकडे बघत होता. ८:१८ झाले. मग त्याने उजव्या आरशात पाहिलं. मी सेकंद मोजले. अठ्ठावीस. बाई चढली, तेव्हा घंटी दिली.

लाल खूण तीसवर पडते.

जंक्शनवर चढलेले: ६३.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी काम दिलं. तीन महिन्यांनंतरच्या अहवालाला जोडायला पुरावा हवा — चालकांनी या जिन्याबद्दल आधी काही लिहिलं होतं का. लाल खुणांचे सगळे खुलासे तळघरात पडलेत. दीड वर्षाचे, न उघडलेले. "तुमचा जिना, तुम्हीच शोधा."

बुधवार, १२ मार्च

तळघर. धूळ, दिवा एक. जंक्शनच्या थांब्याचे शंभर खुलासे आज वाचून झाले. प्रत्येकात तेच, वेगवेगळ्या अक्षरांत. जिन्यावर माणसं होती. माणसं उतरत होती. जिना भरलेला होता. 'वेळ कमी दिला आहे, कृपया पुन्हा मोजावे.' — हे सतरा जणांनी लिहिलंय. एकाने चित्रही काढलंय.

एक जरी वरती कोणी वाचला असता तर पहिल्याच महिन्यात माझा फॉर्म बाहेर आला असता. मला तेव्हा नोकरीत सहा महिनेही झाले नव्हते. त्याच आठवड्यात घरी पाठवलं असतं.

घरी सांगितलं नाही. बाबा गुडघा शेकत बसले होते.

गुरुवार, १३ मार्च

एकूण १४८ खुलासे. १३९ मध्ये कारण एकच — जिन्यावर माणसं.

उरलेले नऊ एकाच चालकाचे. नऊही कागदांवर तीच तीन वाक्यं, सरळ रेषेत, ओळखीच्या अक्षरात: 'घड्याळाकडे लक्ष नव्हते. जिना रिकामा होता. चूक माझी.'

'जिना रिकामा' म्हटलेल्या त्या नऊ सकाळींची दारांवरची मोजणी काढली. जंक्शनवर बाबांच्या ट्राममध्ये चढलेले: ५१, ४४, ५८, ४७, ३९, ५५, ४९, ६०, ५२.